पांढऱ्या दातांसाठी हिरड्याची पूड

आधी कबूल करा, मधेच हसणार नाही म्हणून. शेवटी हवं तेवढं हसा, पण मधे नको. मधे कुणी हसलं की मी गप्प होते, आणि मी गप्प बसले की काय घोटाळा होतो, तेच तर मला सांगायचंय.

तशी मी मुळातच कमी बोलते. दहावीत आहे, पण वर्गातल्या निम्म्या मुलांनी माझा आवाज फक्त हजेरीच्या वेळी ऐकलाय. त्यातही 'येस मॅडम'मधलं 'मॅडम' पुढच्या बाकापर्यंत पोचत नाही. घरी पाहुणे आले की म्हणतात, "लई शांत पोर हाय तुमची. गुणाची हाय." आई खूश होते. खरी गोष्ट कुणालाच माहीत नाही. मी गुणाची वगैरे काही नाही. मी तोंड उघडत नाही, त्याला कारण माझे दात.

दातांत काय एवढं, म्हणाल? तसे ते जागच्या जागी आहेत. एकही किडलेला नाही. पण पुढच्या चार दातांवर पिवळट तपकिरी रेघा आहेत. चहाच्या कपाला आतून उमटतात ना, तशा. दुधाचे दात पडून हे आले, तेव्हापासूनच्या. मी किती घासलं! घासून घासून ब्रशचे केस मधून भांग पाडल्यासारखे दोन्हीकडे झोपले, पण रेघा तिथेच. म्हणून मी ओठ मिटून हसते. फारच हसू आलं तर तोंडावर हात धरते. हात रिकामा नसेल तर वही, ओढणी, एकदा तर भाकरीसुद्धा धरलीय.

आता अशा मुलीने काय करावं? दातांवर निबंध लिहावा का? पण मी लिहिला! शाळेत स्पर्धा होती आणि विषय होता, 'दातांचा रंग का बदलतो? कारणे, उपचार आणि काळजी.' फळ्यावर विषय वाचला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी माझ्याकडे बघूनच काढलाय. शाळेने एक माहितीपुस्तिका दिली होती. ती समोर ठेवून, समास आखून, मुद्द्यांना आकडे घालून मी सहा पानं लिहिली. लिहायला तोंड उघडावं लागत नाही, म्हणून लिहिणं मला आवडतं.

बुधवारी डुंबरे मॅडम, म्हणजे आमच्या विज्ञानाच्या मॅडम, वर्गात आल्या त्या थेट माझ्या बाकाशी.

"प्रतीक्षा, उभी राहा. बाहेरच्या परीक्षकांनी नावं झाकून निबंध तपासले. तुझा पहिला आलाय. सोमवारी कार्यक्रम आहे. पालक येतील, पाहुणे येतील. तू स्टेजवर वाचायचा."

टाळ्या वाजल्या. मी ओठ आणखी घट्ट मिटले.

खरं सांगू? मला नको होतं असं मुळीच नाही. मला फार हवं होतं. निदान एकदा तरी मी बोलावं आणि सगळ्यांनी ऐकावं, असं मला कधीपासून वाटत होतं. फक्त दात दिसायला नकोत. पण दातांवरचा निबंध दात न दाखवता कसा वाचणार? मी म्हणणार, 'दातांवरील डागांची कारणे,' आणि सगळा हॉल माझ्या तोंडाकडे बघणार. पुरावा समोरच! घरी मी यातलं अक्षरही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आई पहिल्या रांगेत येऊन बसली असती.

हातात होते चार दिवस.

मधल्या सुट्टीत मी रूपालीला गाठलं. रूपाली माझी मैत्रीण. ती आहुप्याची, इथे जुन्नरला वसतिगृहात राहते. तिच्या गावाकडे डोंगरात हिरड्याची झाडं आहेत. घरोघरी हिरडा गोळा करतात, वाळवतात, विकतात. रूपालीच्या पेटीत वह्यांखाली कुटलेल्या हिरड्याची पुडी कायम असते. पोट दुखलं, हिरडा. खोकला झाला, हिरडा.

"रूपे, माझ्याकडं चार दिवस आहेत."

"जगायला?"

"दात पांढरे करायला."

तिने विचार केला. "माझी आजी हिरड्याची पूड लावती दाताला. ऐंशीला टेकली, पण अजून सुपारी फोडती."

"दात पांढरे आहेत तिचे?"

"घट्ट हायेत."

"पण पांढरे?"

"आगं, मी काय तिच्या तोंडात बॅटरी मारून बघितलंय? घट्ट हायेत एवढं खरं."

बघा, 'पांढरे' असं ती एकदाही म्हणाली नाही. तरी शाळा सुटल्यावर तिने वसतिगृहातून आणून दिलेली ती पुडी मी दप्तरात ठेवली ती अगदी जपून, दोन वह्यांच्या मधे, जणू पांढरे दातच घरी नेतेय.

त्याच संध्याकाळी घरी वेगळाच प्रकार झाला. महिन्याभरापूर्वी शाळेतल्या तपासणीत माझं रक्त कमी भरलं होतं. सरकारी दवाखान्यातून लोहाचं पातळ औषध मिळालं होतं. ते मी पिठाच्या डब्यामागे मुक्कामाला ठेवलं होतं. आईने नेमका त्याच दिवशी डबा हलवला.

"ही बाटली काय गं? झाकणाचं सीलबी तोडलं न्हाई?"

मी खाली बघितलं.

"आता माझ्यासमोर घ्यायचं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे. मी उभी राहणार."

आणि ती खरोखर उभी राहिली. कमरेवर हात ठेवून.

ते औषध तुम्ही कधी प्यायलाय का? गंजका खिळा चघळल्यासारखं लागतं. मला ते एकदम गिळवत नाही. मी गालात धरून ठेवायचे आणि थोडं थोडं आत सोडायचे. मग ती चव जावी म्हणून तशीच मोरीवर जाऊन हिरड्याची पूड बोटाने दातांवर लावायचे आणि तोंड मिटून बसायचे. हिरडा इतका तुरट, की सगळं तोंड आवळून येतं, जीभ टाळूला चिकटते. मला वाटायचं, एवढं आवळतंय म्हणजे आत काम जोरात चाललंय.

तुमच्यात कुणी विज्ञानवाले असतील तर त्यांच्या आत्ताच लक्षात आलं असेल. कृपा करून गप्प बसा. मलाही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी आरशात बघितलं तर दात जरा करडे दिसले. मी घाबरले का? छे! मी विचार केला. तिथेच चुकलं. पप्पांचा शेतातला शर्ट भिजवला की पहिलं पाणी काळं निघतं. का? मळ सुटतो म्हणून. म्हणजे माझ्या दातांतला मळ सुटून वर आलाय! औषध लागू पडलंय! मी लगेच मात्रा वाढवली. शुक्रवारी तीनदा पूड लावली, आणि लावली म्हणजे थापलीच.

शुक्रवारी संध्याकाळी दात पाटीच्या रंगाचे झाले. मला अभिमान वाटला. केवढा मळ होता बघा! आता उद्या तो गळून पडणार आणि खाली पांढरे शुभ्र दात.

शनिवारी सकाळी आरशासमोर ओठ उघडले, तर आत कुणी नाहीच. म्हणजे दात होते, पण दिसत नव्हते. काळेकुट्ट, वरून निळसर झाक. जांभूळ खाल्ल्यावर जीभ होते तसे. पण जांभूळ धुऊन जातं, हे जाईना. मीठ लावलं, पेस्ट लावली, पुन्हा मीठ लावलं. हिरड्या हुळहुळल्या, दात तसेच.

शनिवारची सकाळची शाळा. आमच्याकडे गाडीवर बसताना मुली तोंडाला स्कार्फ बांधतात. मी तो वर्गातही सोडला नाही. मॅडम म्हणाल्या, "प्रतीक्षा, एकदा वाचून दाखव, वेळ लावून बघू."

मी घशाकडे बोट दाखवलं.

"घसा बसला? आत्ताच बसायचा होता? काल थंड काही प्यायलीस का?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही ठाऊक नाही. मॅडमनी पर्समधून खडीसाखरेचे दोन खडे काढून माझ्या हातावर ठेवले. इतक्या मायेने ठेवले, की मला रडूच आलं. रडताना तोंड उघडतं, म्हणून तेही आवरलं.

रूपालीने मला पाण्याच्या टाकीमागे ओढलं. "दाव."

मी स्कार्फ खाली केला आणि ओठ उघडले. ती दोन पावलं मागे सरकली.

"आयो! प्रतू, माझी आजी अशी न्हाई दिसत! किती लावलीस?"

"सगळी."

"सगळी? आगं, ती वरीसभराची व्हती!"

दुपारी घरी आले. आता आमच्या घराची थोडी माहिती देते. आमचं घर आणि काकीचं घर यांची मधली भिंत एकच. काकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांची बायको, सुमनकाकी. ती मिश्री लावते. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि तिने दात घासायचे. तिला ही सवय लग्नाच्या आधीपासूनची. घरात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे माहीत नसल्यासारखं करतात. तिचेही दात काळपट. त्यामुळे तीही पदर तोंडावर धरून हसते. तोंड झाकून हसणाऱ्या आम्ही घरात दोघी, पण एकमेकींना कधी काही विचारलं नव्हतं.

जेवायला बसले ती भिंतीकडे तोंड करून.

"भिंतीला काय वाढलंय का गं?" आई म्हणाली.

मी वळले नाही. ओठ मिटून अगदी हळूहळू जेवत होते. पण त्या दिवशी नेमका ठेचा केलेला! मिरचीची बी कुठेतरी टाळूत जाऊन बसली आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "हाऽऽऽ!"

आईच्या हातातला पळा आमटीतच राहिला.

"तोंड उघड."

मी मिटलं.

"प्रतीक्षा. उघड म्हणते ना."

उघडलं.

आई मटकन खालीच बसली. "मिश्री! दहावीतली पोरगी, आन् मिश्री लावती!"

'नाही' म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की तिला ते दात दिसणार. म्हणून मी नुसती जोरजोरात मान हलवली. मिरचीने डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आईला वाटलं, पश्चात्ताप झाला.

ती तशीच उठून ओट्यावर गेली. "सुमन! ए सुमन! डबा कुठंय तुझा?"

"कंचा डबा, आक्का?" काकी पदराला हात पुसत बाहेर आली.

"मिश्रीचा! बघ पोरीचं तोंड!"

काकीने माझी हनुवटी धरून वर केली. माझे दात बघितले आणि तिचा चेहराच उतरला. मी तिच्या डब्यातली चोरून लावते, असंच तिला वाटलं. तेवढ्यात अंगणात पप्पांची मोटारसायकल थांबली. पप्पा तसे गरीब स्वभावाचे, पण तंबाखूचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदलतो. काकीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पप्पांकडे, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाली, "दादा, पोरीला काय बोलू नका. मीच दिली चिमूटभर. तिची दाढ दुखत व्हती."

आता बोला! मी न केलेला गुन्हा काकीने स्वतःच्या अंगावर घेतला. मला वाचवायला! आणि तोही सगळ्यांना लगेच पटला.

आई म्हणाली, "तुझ्या तोंडाचं वाटोळं झालं ते झालं, माझ्या पोरीचं कशाला केलंस?"

काकीने पदर तोंडावर धरला. या वेळी हसण्यासाठी नव्हता तो. ती तशीच आत गेली, आणि भिंतीपलीकडून पत्र्याच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"ती पिशवी भरती वाटतं," पप्पा हळूच म्हणाले. काकीचं माहेर पिंपरी पेंढारचं. काकी रागावून माहेरी गेली, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही.

मग मात्र मला राहवलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी तोंड भरून बोलले. "काकीनं काही दिलं नाही! मी हिरडा लावला! रूपालीकडून आणलाय! दात पांढरे करायला!"

आई म्हणाली, "हिरड्यानं दात काळे होत असते तर सगळं आहुपं काळ्या दाताचं असतं. काकीला वाचवायला खोटं बोलती का?"

बघा! गप्प होते तर चोर ठरले, बोलले तर खोटारडी ठरले. आणि आईच्या बोलण्यात चूक तरी काय होती? मलाही तोच प्रश्न पडला होता.

शेवटी पप्पा म्हणाले, "भांडत बसू नका. जुन्नरला दातांच्या डॉक्टर मॅडम हायेत. त्या सांगतील काय हाय ते. समद्यांनी चला."

समदे म्हणजे अक्षरशः समदे. टोमॅटो वाहायची पिकअप काढली. पुढे पप्पा आणि आई. आईच्या मांडीवर पिशवी, आणि पिशवीत पुरावा म्हणून काकीचा मिश्रीचा डबा. काकी पुढे बसेना. ती मागे रिकाम्या कॅरेटवर बसली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

गाडी रस्त्याला लागल्यावर काकी माझ्या कानाशी वाकली. "कवापासनं घेती गं डब्यातनं?"

"काकी, मी नाही घेतली. आईशप्पथ."

"असू दे. मी कुणाला सांगत न्हाई." मग तिने माझा हात धरला. "मी तुझ्यापेक्षा बारकी व्हते. दाढ लई दुखली, तर शेजारच्या वहिनीनं बोटभर दिली. दाढ राहिली दुखायची, पण माझं बोट काय राहिलं न्हाई. फोटो काढायचा म्हणलं की मी चुलीपाशी जाते, बघितलंस ना? तू सोड बाई. आत्ताच सोड."

मी काय सोडणार? धरलंच नव्हतं! पण तिने माझा हात इतका घट्ट धरला होता, की मी नुसतं 'हो' म्हटलं.

दवाखाना बाजारपेठेत आहे. खाली शेठचं किराणा दुकान आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या सुनेचा दवाखाना. शेठची माणसं मूळची राजस्थानची म्हणतात, पण त्यांच्या कितीतरी पिढ्या जुन्नरातच गेल्या. शेठ गल्ल्यावरूनच ओरडले, "काय पावणं, समदं खटलंच घेऊन निघाले? कुणाचा दात?"

आईने पिशवी पदराखाली घेतली. ओळीने जिना चढलो.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. मला खुर्चीत आडवं केलं, वरून दिवा ओढला. "आ कर बाळ." मी आ केला. त्या काही बोलायच्या आतच आईने डबा पुढे केला. "मॅडम, ही मिश्री. ह्यानंच झालंय ना?"

मॅडमनी झाकण उघडून वास घेतला, बंद केलं. मग कापसाने माझा एक दात घासून कापूस दिव्याखाली धरला.

"मिश्रीचा डाग असा नसतो. हा निळसर काळा आहे, आणि मिश्रीने दोन-चार दिवसांत एवढा रंग चढत नाही. काय लावलंस?"

"हिरडा."

"नुसता?"

"नुसता."

"मग हे होणार नाही."

आईने पप्पांकडे बघितलं. काकीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"पोटात काही औषध चालू आहे?" मॅडमनी विचारलं.

"रक्ताचं हाय की," आई म्हणाली. "लोहाचं. मी सोता उभी राहून पाजते. कालपरवापासनं एकदाबी चुकवलं न्हाई."

मॅडमनी हातातला कापूस खाली ठेवला. तोंडावरचा मास्क हलायला लागला. त्या हसत होत्या!

"हिरड्यात तुरट द्रव्य असतं. त्यात लोह मिसळलं की काळा रंग तयार होतो. पूर्वी लिहायची शाई अशीच करत. हिने ती तोंडात केली. अर्धा माल आईने पुरवला, अर्धा हिने!" मग काकीकडे बघून म्हणाल्या, "जगात काही ठिकाणी बायका पूर्वी असंच लोखंड आणि तुरट फळं वापरून मुद्दाम दात काळे करायच्या. शोभेसाठी."

"घ्या!" काकी म्हणाली. "आन् आमी फुकट शिव्या खाल्ल्या."

आईने डबा पिशवीत टाकला, पुन्हा बाहेर काढला, आणि शेवटी काकीच्या हातात दिला. "सुमन, रात्रीच्या भाकरी मी टाकते. तुमच्याबी."

"मला दोनच," काकी म्हणाली. भांडण मिटलं.

मग गरगरणारं मशीन सुरू झालं. मॅडमनी एकेक दात घासून काढला. तोंड धुतलं तर काळं पाणी गेलं, अगदी पप्पांच्या शर्टासारखं. आरसा हातात घेतला. काळं सगळं गेलं होतं आणि खाली माझ्या जुन्या रेघा मजेत बसल्या होत्या.

"मॅडम," मी म्हणाले, "ह्यापण काढा ना."

त्यांनी दिवा जवळ ओढला. "बोअरचं पाणी पिता का?"

"लहानपणापासून."

"मग बहुतेक त्याचंच. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं आणि पक्के दात आत तयार होत असताना ते पोटात गेलं, की दाताच्या घडणीतच अशा रेघा येतात. हा मळ नाही, त्यामुळे घासून जाणार नाही. तुझं काही चुकलेलं नाही त्यात. पुढे मोठी झालीस आणि तुला वाटलं तर वरून लेप देता येतो, आणखी उपाय आहेत. घाई नाही. पाणी मात्र तपासून घ्या. आणि लिंबू, सोडा, कोळसा यातलं काही लावू नकोस. दाताचं वरचं कवच झिजतं आणि दात आणखी पिवळे दिसतात."

'तुझं काही चुकलेलं नाही' हे मला इतक्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? मी कुणाला विचारलंच नव्हतं.

काकी मागून हळूच म्हणाली, "मॅडम, आमचे निघतील का?"

"निघतील. तंबाखूचे, चहाचे डाग वरून बसलेले असतात. पण मिश्री सुटली तरच उपयोग. पुढच्या आठवड्यात या. गालही आतून बघून घेते."

"इतक्या वर्साची सुटंल का पण?"

"अवघड जाईल. म्हणून तर या म्हणते. एकटीने नका करू."

आई म्हणाली, "मी आणते तिला."

आता हे सगळं इथेच संपलं असतं, तर मी आज तुम्हाला सांगायलाही बसले नसते. पण मॅडम हात धुता धुता माझ्या शाळेच्या गणवेशाकडे बघून म्हणाल्या, "लोहाचं पातळ औषध नळीने प्यावं. दातांना लागू देऊ नये. लगेच चूळ भरावी. त्यावर चहा किंवा तुरट काही घेऊ नये. अगं, तुमच्याच शाळेतल्या एका मुलीने हे इतकं सुंदर लिहिलंय! मागच्याच आठवड्यात मी निबंध तपासले. नाव झाकलेलं होतं, पण काय तो निबंध! चौथ्या पानावर हाच मुद्दा, खाली रेघ मारून. तिला शोधून काढ आणि तिच्याकडून शीक."

मी खुर्चीतच थिजले.

चौथं पान. सहावा मुद्दा. खाली पट्टीने आखलेली लाल रेघ. ती रेघ सरळ यावी म्हणून मी श्वास रोखून धरला होता. पण मुद्दा? मुद्दा पुस्तिकेतून निघाला आणि थेट वहीत उतरला. मधे डोक्यात थांबलाच नाही.

"ऐकलंस का?" आई म्हणाली. "बघ, लोकांच्या पोरी कशा असत्यात."

"हो मॅडम," मी म्हणाले. "भेटते तिला."

"सोमवारी ती वाचणार आहे. तुम्ही सगळेच या," मॅडम म्हणाल्या.

"येणार म्हंजे! सुमन, तूबी चल. बघू तरी कोण हाय ती."

मला सांगता आलं असतं. जिन्यात, गाडीत, रविवारी दिवसभर. पण कसं सांगणार तुम्हीच सांगा. मी औषधाच्या बाटलीत सरबताची नळी घालून मुकाट्याने दोन-दोन चमचे ओढले, खळखळून चुळा भरल्या आणि गप्प राहिले.

सोमवारी हॉल भरला. स्टेजवर डॉक्टर मॅडम प्रमुख पाहुण्या. तिसऱ्या रांगेत आई आणि काकी, दोघी नव्या साड्यांत, माना उंच करून त्या हुशार मुलीला शोधत होत्या.

डुंबरे मॅडमनी माझं नाव पुकारलं.

मी उभी राहिले. आईने तिकडून हाताने खूण केली, 'बस खाली!' तिला वाटलं, दुसरी कुणी प्रतीक्षा असेल. आमच्या शाळेत पाच आहेत. मी स्टेजच्या पायऱ्या चढले, तेव्हा तिचा हात तसाच हवेत राहिला होता.

डॉक्टर मॅडमनी मला बघितलं. मग हातातल्या कार्यक्रमपत्रिकेकडे बघितलं. मग पुन्हा मला.

मी वाचायला लागले. पहिलं पान मी तोंडासमोर धरूनच वाचलं. पान उलटताना तिसऱ्या रांगेकडे नजर गेली. काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. पदर तिच्या खांद्यावर होता आणि तोंड उघडंच, विसरून गेल्यासारखं. ती डोळ्यांनी माझा एकेक शब्द उचलत होती. मी कागद खाली घेतला. असू देत रेघा. चौथ्या पानावरचा सहावा मुद्दा आला, तेव्हा माझे कान तापले, पण मी तो वाचला. खणखणीत आवाजात, खालच्या रेघेसकट.

टाळ्या झाल्या. मी पळणार, तेवढ्यात डॉक्टर मॅडमनी माइक हातात घेतला. त्यांना हसू आवरत नव्हतं.

"काय गं? मी सांगितलं होतं, त्या मुलीला भेट म्हणून. भेटलीस का?"

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. आई आणि काकी तेवढ्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. मॅडमनी माइक माझ्यासमोर धरला.

"भेटले मॅडम," मी म्हणाले. "अक्षर फार सुरेख आहे तिचं. फक्त स्वतः लिहिलेलं वाचायची सवय नाही."